डोंगराकडची खिडकी

वैशाखातल्या एका पहाटे गाडी पुरती थांबण्यापूर्वीच किर्लोस्करवाडीच्या फलाटावर उतरण्याची घाई करणाऱ्या उतारूंत मीही एक होतो. फरक इतकाच, की इतरांच्या हातांत लग्नसराईच्या पिशव्या होत्या आणि माझ्या हातात नळकांड्यात गुंडाळलेला एका घराचा नकाशा. माझे आजोबा या स्टेशनाला मरेपर्यंत कुंडल रोड म्हणत आले. नाव बदलल्याचे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु गावाच्या नावाने असलेले स्टेशन एका कारखान्याच्या नावाने व्हावे, हा हुकूम त्यांच्या दफ्तरी कधी दाखलच झाला नाही.

घर बांधावयास निघालेल्या माणसाने या ठिकाणी घटकाभर थांबावे, असा या जागेचा पूर्ववृत्तांत आहे. बेळगावातली कारखान्याची जागा सोडणे भाग पडल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नव्या जागेसाठी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडे शब्द टाकला, आणि त्या रसिक राजाने आपल्या मुलखातला, स्टेशनालगतचा ३२ एकरांचा माळ त्यांच्या स्वाधीन केला. माळ कसला, निवडुंगाचे रान होते ते, आणि निवडुंगाच्या बुडाशी सापांची वस्ती. लोखंडी नांगर घडविणाऱ्या कारखान्याच्या वाट्याला, जिथे नांगराचा फाळ रुतणार नाही अशी जमीन यावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. १० मार्च १९१० हा या वसाहतीचा जन्मदिवस मानतात. मार्च म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याने पडवीत पाय टाकलेला असतो. तेव्हा ऐन उन्हाच्या तोंडावर, झाडाची सावली नाही अशा माळावर बिऱ्हाडे आणून उतरविणाऱ्या त्या मंडळींच्या बायकांनी पहिल्या दिवशी चूल कोणत्या आडोशाला मांडली असेल, हा विचार माझ्या मनात दर खेपेस येतो. पुढे तुरुंगवास भोगून आलेल्या इसमांनाच लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीवर नेमले. त्याच माळावरून 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके निघाली आणि मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. निवडुंग काढून काय काय लावता येते, याचा तो नमुना होय.

बाळासाहेबांचा मुलूख इथे, इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्याच्या पोटात, बेटासारखा कसा राहिला, याचा धागा मात्र स्कॉटलंडपर्यंत जाऊन पोचतो. १८१८ नंतर सातारच्या दरबारी कंपनीचा कारभारी म्हणून बसलेला आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहून प्रसिद्धी पावलेला जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटिश गृहस्थ. १८२० साली त्याने साताऱ्याच्या जहागीरदारांशी जे करारमदार ठरविले, त्यांत पंतप्रतिनिधींची जहागीर कायम राहिली. औंध इथून कितीतरी दूर, तरीही कुंडल औंधचे. १९४३ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकाराचे आणि जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेचे हे गाव एक प्रमुख ठाणे झाले, त्यालाही हद्दीचा हा घोळ उपकारक ठरला. इंग्रजी पोलिसाला संस्थानाची शीव ओलांडताना दहा वेळा विचार करावा लागे. डफसाहेबाने ज्या सरकारच्या सोयीसाठी दौत-लेखणी हाती धरली, त्याच सरकारची गैरसोय सव्वाशे वर्षांनी त्याच्या कागदांतून उपजावी, हे त्याला परलोकी कळले असेल तर त्याने आपल्या इतिहासाला एखादे प्रकरण खचित जोडले असते.

गावात पोचलो तेव्हा ऊन कौलांवर आले होते. आमचे जुने घर माळवदाचे. जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, आणि आत उन्हाळ्यातही विहिरीतल्यासारखा गारवा. गेल्या दोन पावसाळ्यांत त्याची एक बाजू खचली, आणि भावंडांच्या वाटण्या, तलाठ्याकडचे उतारे, ग्रामपंचायतीचा दाखला इत्यादी सोपस्कार उरकून, ते उतरवून तिथेच नवे बांधावयाचे ठरले. सोपस्कारांविषयी अधिक लिहीत नाही. ज्याने घर बांधले आहे त्याला ते ठाऊक आहेत, आणि ज्याने बांधले नाही त्याचा हुरूप मला मोडावयाचा नाही. जुन्या भिंतींचा घडीव दगड जोत्याला घ्यावा, खांब आणि तुळया झाकून ठेवाव्यात, एवढे मी बजावून ठेवले होते, आणि गवंडीतात्यांनी ते पाळलेही होते.

तात्यांचे वय साठीच्या पुढचे. ओळंबा सोडताना त्यांचा श्वास क्षणभर थांबतो, तो स्थिर झाला की सुटतो. नकाशा त्यांनी एकदाच पाहिला, आणि मागच्या बाजूच्या, डोंगराकडे तोंड असलेल्या पाच फुटी खिडकीवर बोट ठेवून विचारले,

"परड्याकडं एवढी मोठी खिडकी कशाला, काका?"

"डोंगर दिसावा म्हणून."

तात्यांनी डोंगराकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "डोंगर काय पळून जातोय व्हय? दारात गेलं की दिसतोच की."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण ही खिडकी मी मुळात परक्या देशातून उसनी आणली होती. माझी कन्या एडिंबऱ्यास असते. गेल्या वर्षीचा उन्हाळा मी तिच्याकडे काढला, आणि ज्या देशात रात्री दहा वाजताही वर्तमानपत्र वाचण्याइतका उजेड असतो त्या देशात माणसे त्या उजेडाचे काय करतात, ते पाहिले. ती डोंगर चालतात. शनिवार आला की पाठीवर पिशव्या, पायांत जाड बूट, आणि आकाशात ढग असोत वा नसोत, कुटुंबेच्या कुटुंबे टेकड्यांच्या वाटेला लागतात. वर देऊळ नाही, नवस नाही, जत्रा नाही. माथ्यावर पोचल्यावर दगडांच्या राशीवर एक दगड ठेवायचा, थर्मासातला चहा प्यायचा आणि खाली यायचे. १८९१ साली सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने ३००० फुटांवरील शिखरांची यादी केली. ती शिखरे आज २८२ भरतात, आणि आयुष्यभर एकेका नावापुढे खूण करीत ती सर्व पुरी करणारी माणसे तिथे हजारांनी आहेत. आपण बारा ज्योतिर्लिंगे करतो तसेच हे. फक्त लिंग वगळून. २००३ सालच्या कायद्याने तर जमीन कुणाच्याही मालकीची असो, जबाबदारीने वागणाऱ्या वाटसरूला तिच्यावरून चालण्याचा हक्क दिला आहे. आमच्या बांधाच्या भांडणांत तीन पिढ्या कोर्टात जातात. तिथे परक्याच्या रानातून जाणारा इसम मालकाला हात हालवून अभिवादन करतो आणि मालकही उलट हात हालवितो, हे पाहून मी काही काळ स्तंभित झालो होतो.

शिहॅलियन नावाच्या १०८३ मीटरांच्या शिखरावर कन्येने मला मोठ्या मिनतवारीने चढविले. १७७४ साली मास्केलिन या ज्योतिर्विदाने याच डोंगराच्या दोन अंगांना ओळंबे सोडले, डोंगराच्या वस्तुमानाने ते किती कलतात हे ताऱ्यांच्या आधाराने मोजले आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढण्यात आली, असे तिने वाटेत सांगितले. ओळंबा म्हणजे सरळपणाची परमावधी, अशी माझी आजवरची समजूत. तोही डोंगराच्या ओढीने वाकतो हे ऐकून मला बरे वाटले. उतरल्यावर पायथ्याच्या खेड्यात एक नवे घर बांधले जात होते. दगडी भिंत, स्लेटचे छप्पर, आणि डोंगराच्या बाजूला जवळजवळ भिंतीएवढीच काच. घरमालक स्वतः चुन्याच्या गिलाव्याला हात लावीत होता. आठवड्यातले चार दिवस घर, तीन दिवस डोंगर असा आपला उन्हाळ्याचा क्रम असल्याचे त्याने सांगितले. त्याच वेळी माझ्या मनात कुंडलचा डोंगर उभा राहिला, आणि पाच फुटी खिडकीचा बीजारोप झाला.

तेव्हा इथे आल्यावर मीही तोच क्रम धरला. पहाटे पाचला निघावे, उन्हे चढण्यापूर्वी परतावे आणि मग दिवसभर गवंड्यांच्या पायांत पायांत करावे. पहिल्याच दिवशी वेशीपाशी एका ओळखीच्या म्हाताऱ्याने हटकले.

"कुठं निघालाय काका, सकाळच्या पारी?"

"डोंगराकडं."

"काय काम काढलं?"

"काम काही नाही. सहज."

हा 'सहज' त्या बापड्याला काही केल्या पचेना. थोडे मागून चालत येऊन त्याने हळूच विचारले, "साखर वाढलीया काय? डाक्टरनं चालायला सांगितलंय?"

मी हो म्हटले. त्याचे समाधान झाले, आणि दुपारपर्यंत माझ्या मधुमेहाची वार्ता गावभर झाली. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी चहात साखर घातली नाही.

कुंडलचे डोंगर उंच नाहीत. मन्रोसाहेबाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. उन्हाळ्यात त्यांचा रंग भाजक्या विटेचा होतो, वाळलेले गवत सोन्याच्या तारेसारखे चकाकते, आणि पायाखालचा मुरूम सुटून घसरणाऱ्या खड्यांचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटतो. परंतु एका कड्याच्या पोटात झरी पार्श्वनाथाची गुहा आहे. चढून घामाघूम झालेला माणूस त्या काळोखात शिरला की प्रथम काही दिसत नाही; ऐकू मात्र येते. टप्प, आणि पुष्कळ वेळाने पुन्हा टप्प. खडकातून झिरपणारे पाणी थेंबथेंब होऊन खाली येते, म्हणूनच तो झरी पार्श्वनाथ. डोळे सरावल्यावर ओलसर काळ्या पाषाणाची चकाकी उमटू लागते. दुसऱ्या डोंगरावर गिरी पार्श्वनाथ, गावात कलिकुंड पार्श्वनाथ. या तीन स्थानांसाठी जैन यात्रेकरू दुरून येतात. त्या सकाळी एक वृद्ध दांपत्य आले होते. वाटेवरच्या मुंगीलाही धक्का लागू नये अशा सावधपणे, नजर पावलांपुढे ठेवून ती दोघे चढत होती. स्कॉटलंडातले लोक डोंगर चढताना क्षितिजाकडे पाहतात. ही पायांखाली पाहत होती, आणि दोघांपैकी अधिक कोणाला दिसले हे मी सांगू शकणार नाही.

गुहेबाहेर शेळ्या राखणारा एक पोरगा बसला होता. त्यालाही मी इथे विनाकाम आलो याचे नवल वाटले. "मग तू रोज येतोस, तुला आवडतं का इथं?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "आवडायला काय? शेरडं येत्यात म्हणून येतोय." पण पुढे तासभर त्याने मला कुठल्या कपारीत मोहोळ आहे, कुठल्या दगडावरून कारखान्याचे धुराडे दिसते, कुठे बसले की दुपारीही वारा लागतो, हे असे काही दाखविले, की त्याचे 'आवडायला काय' मला खोटे वाटू लागले. आमच्या माणसांना डोंगर आवडतो हे कबूल करावयास एखादी शेळी लागते.

दहा वाजता परतून जोत्यावर बसलो की माणसांची न्याहारी निघे. जोंधळ्याची भाकरी, खरडा, वर बुक्कीने फोडलेला कांदा, आणि तांब्यात आंबील. स्कॉटलंडात सकाळी ओटची लापशी देतात आणि जुने लोक तीत साखरेऐवजी मीठ घालतात. ती माझ्या घशाखाली उतरली याचे कन्येला आश्चर्य वाटले होते. मला वाटले नाही. कण्या, माडगे आणि आंबील यांवर वाढलेल्या माणसाला मीठ घातलेली पेज ही जगाच्या पाठीवर कुठेही माहेरची वाटते. मात्र तिथला घरमालक आपल्या गवंड्याला अमुक वाजता चहा देतो आणि दोघे आपापल्या पेल्यानिशी निरनिराळ्या दिशांना बसतात. इथे तात्यांनी पहिल्या दिवशीच अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. हातावरच्या खरड्याची ती आग पोटात शिरल्यावर हिशेबाच्या वहीत काटकसर करणे मालकाला जड जाते, हे तात्यांना पक्के ठाऊक असावे.

स्लॅबच्या दिवशी गडबड उडाली. सळई देणाऱ्या एका दुकानदाराने दोनदा वायदा चुकविला, सेंट्रिंगवाले ताटकळले, आणि शेवटी पहाटे चारला मिक्सर सुरू झाला तो सूर्य मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तात्यांनी स्लॅबवर सिमेंटची बारीक आळी घालून त्यांत पाणी कोंडले. खांबांना बारदाने गुंडाळून ती सकाळ-संध्याकाळ भिजवावयाची, असा मला हुकूम झाला. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाणी पिऊन घट्ट होते, आणि वैशाखाच्या उन्हात ते तहानेले राहिले तर त्याला चिरा जातात. माझे डोंगर त्यामुळे एकवीस दिवस पाण्याच्या वेळांत बांधले गेले. आळी सुकण्याचा अवकाश, शेजारच्या वहिनी कुरडयांचा चीक घेऊन वर हजर झाल्या. जुन्या माळवदावर गल्लीतल्या साऱ्या कुरडया वाळत. तो वहिवाटीचा हक्क नव्या स्लॅबवर चालू झाला. मला कुणी विचारले नाही. स्कॉटलंडच्या कायद्याने जे २००३ साली दिले ते आमच्या गल्लीत पूर्वीपासून आहे. फक्त ते वाटसरूसाठी नसून कुरडयांसाठी आहे.

पाणी मारण्याची पाळी मुकादमाच्या पोरावर सोपवून एक दिवस सागरेश्वराची लांबची वाट धरली. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरांचे, आणि बहुतांशी माणसांच्या हातांनी उभे केलेले. माझ्या लहानपणी हे डोंगर बोडके होते. धों. म. मोहिते यांच्यासारख्या वृक्षमित्राने ध्यास घेतला, झाडे लावली गेली, चराई थांबली, कुंपण झाले, हरणे आणून सोडली. निवडुंगाच्या माळावर जशी वाडी, तसे बोडक्या डोंगरावर हे रान. वरच्या कडेला उभे राहिले की खाली कृष्णाकाठ पसरलेला दिसतो, उसाचे हिरवे पट्टे आणि त्यांतून निवांत वळणे घेत गेलेली नदी. पाठीमागे मात्र कडेगाव-खानापुराकडचा तांबडा, तहानेला माळ. एकाच पावलावर उभे राहून सुबत्ता आणि दुष्काळ असे पाठीला पाठ लावून दिसणारी जागा मला स्कॉटलंडात सापडली नाही. तिथे सगळीकडे ओलच ओल. आणि प्रतिसरकारच्या दिवसांत रात्री-बेरात्री ही रानेवने तुडविणारी माणसे आठवली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी अडविणाऱ्यांनी मन्रोसाहेबाची यादी पाहिली नव्हती, तरी पायांखालची वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

डोंगराच्या पायथ्याशी सागरेश्वराच्या जुन्या देवळांचा पुंजका. तिथे हातपाय धुऊन देवराष्ट्रास गेलो. यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ रोजी जिथे जन्मले ते त्यांचे आजोळचे घर तिथे जतन करून ठेवले आहे. बुटके दार, लहान खोल्या. राज्याचा पहिला मुख्यमंत्री आणि देशाचा संरक्षणमंत्री झालेल्या माणसाची जन्मखोली माझ्या नकाशातल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी नसावी. मी खिडकी शोधली. डोंगराकडे पाहणारी खिडकी त्या घराला मला दिसली नाही. त्यांनी मात्र 'कृष्णाकाठ' लिहिताना हा सारा परिसर डोळ्यांपुढे ठेवला.

परतलो तो सांज झाली होती. मागच्या भिंतीचे काम खिडकीच्या वर आले होते, आणि माझी पाच फुटी खिडकी तात्यांनी तीन फुटांवर आणून ठेवली होती. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "पाच फुटाला वानरं आत येत्याल. आन् पावसाळी झड लागली की निम्मी खोली भिजंल. ह्यातनं बी दिसतंय, बघा की." मी वाकून पाहिले. दिसत होते, पाच फुटांतून दिसले असते तेवढेच, फक्त चौकटीत नीट बसलेले. खिडकीवर त्यांनी जुन्या घराची एक घडीव शिळा छज्जा म्हणून बसविली होती, ते मी सांगितले नव्हते.

"तुमी बसणार कुठं?" त्यांनी विचारले. मी जागा दाखविली. ते स्वतः तिथे उकिडवे बसले, डोळा बारीक करून खिडकीतून पाहिले, आणि मग बिगाऱ्याला हाक मारून खालचा एक थर काढावयास सांगितला. बसल्यावर माथा दिसत नव्हता.

रोहिणीच्या पहिल्या सरीत मागची भिंत भिजली, आणि वास्तुशांत आषाढापूर्वी उरकावयाचे ठरले आहे. वाचकांपैकी कोणी कधी या बाजूला आले, तर घर सापडणे कठीण नाही; स्लॅबवर कुरडया असतील. मात्र डोंगर चढावयाचा तर पहाटे निघा, आणि वेशीपाशी कोणी काय काम काढलं म्हणून विचारलेच, तर झरीच्या देवाला चाललो असे सांगा. सहज म्हणाल तर संध्याकाळी बिनसाखरेचा चहा मिळेल.